पाहुण्यांच्या गाडीत टोलचा वाद

मुलाचं चाकणचं घर बघायला निघालो तेव्हाच माझं ठरलं होतं, नाही म्हणायचं. मुलात खोट नव्हती. पण चाकणहून पिंपरीला रोज जाणं-येणं म्हणजे माझी नोकरी सुटल्यातच जमा. मुलाकडच्यांनी तर हसत हसत सांगूनही टाकलं होतं, “हिकडं कंपन्या काय कमी हायत?” फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं. तिथे पोहोचून एकदा ओटी भरली की संपलंच.

पण आम्हाला न्यायला मुलाचे चुलतेच गाडी घेऊन आले. आई आणि मावशी सकाळीच पुढे गेल्या होत्या. मोशीच्या पुढे ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. बोलायला हवा तेवढा वेळ मिळाला, सोय मात्र नाही. मी मागे मूग गिळून बसले आणि पुढे दोघांची इथे होऊ घातलेल्या नव्या रस्त्याच्या टोलवरून जुंपली.

“फुकट रस्ता कुठं भेटतो का, पाव्हणं?” चुलते म्हणाले. “सरकारनं तरी पैसा आणायचा कुठनं? टोल लावा, पर वरनं पूल काढा. आमी देऊ की.”

“गाडी घेताना कर, पेट्रोलवर कर, मग वर टोल कशाला?” बाबा कंपनीत असताना युनियनमध्ये होते, वाद म्हणजे त्यांना सणच. “लिहून ठेवा. टोल घेतील आणि रस्ता व्हायचा नाही. ह्या जन्मात नाही.”

एरवी मीही मध्ये तोंड घातलं असतं. त्या दिवशी मला दोघांचाही संताप आला होता. पुढचा कंटेनर जरा हलला की चुलते गाडी तेवढीच पुढे घेत, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेवटी कुठे काय अडलंय ते बघायला चुलते उतरले. मी पुढे वाकले.

“बाबा, मला हे स्थळ नको. रोज इथून पिंपरीला कशी जाणार मी?”

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “अगं, होईल की रस्ता,” ते म्हणाले. “वर्ष-दोन वर्षांत होतोय बघ.”

मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात चुलते परत येऊन बसले, आणि बाबा लगेच म्हणाले, “तर काय सांगत होतो, ह्यांच्या हातून रस्ता काही...”

“काका, मला हे लग्न करायचं नाही,” मी म्हणाले. मोठ्याने.

टोलचा विषय तिथेच संपला. बाबा काचेतून बाहेर बघायला लागले. चुलत्यांनी आरशात पाहिलं, मागे टेम्पो. शेजारी डिव्हायडर.

“वळायला आता पार चौकातच जागा हाय, पोरी,” चुलते शेवटी म्हणाले. “घर त्याच्या अलीकडंच हाय. च्या तरी घेऊन जा.”

आणि आम्ही तिघं त्याच घराकडे सरकत राहिलो.