उरलेली अर्धी दाढ

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिला सगळे दातबाई म्हणत. एकवीस वर्षे हाडे-दात दळून त्यांतला डीएनए वेगळा काढणे, हे तिचे काम. नव्या मुलींना ती ऐकवी, "दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने हा पदार्थ पहिल्यांदा काढला, तो जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून. तुम्ही नाकं मुरडू नका."

कारखान्याच्या आगीत एका म्हाताऱ्याचा मुलगा गेला होता. राखेतल्या अवशेषांपैकी एकाच दाढेत काही मिळण्याची आशा होती. ती मुलाची ठरली, तरच अवशेष बापाच्या हाती येणार. एरवी बेवारशांच्या खड्ड्यात. दाढेचा पहिला अर्धा भाग यंत्रात दळताना तापून वाया गेला. उरलेला दातबाईने स्वतः, गार करत, थांबत थांबत दळला.

दोन दिवसांनी तिने द्रावणात थंड अल्कोहोल घालून नळी यंत्रात गरगर फिरवली. नमुना इतका थोडा असला, की तळाशी बसलेला डीएनए डोळ्यांना दिसत नाही आणि ओतताना अल्कोहोलबरोबर निसटू शकतो. म्हणून वरचे अल्कोहोल वेगळ्या भांड्यात राखून ठेवायचे, हा तिनेच घालून दिलेला नियम. पण सवयीचा हात पुढे झाला आणि तिने ते सांडपाण्याच्या सामाईक भांड्यात ओतले. त्यात सकाळपासूनचे पाच नमुने मिसळलेले होते. चाचणीत नळी कोरी निघाली. आता भांड्यात काही सापडले, तरी ते कुणाचे हे सांगता येणार नव्हते.

"यंत्र बिघडलं म्हणून लिहा," सहकारी हळूच म्हणाला. "यंत्राची पेन्शन थोडीच अडते?"

"माझ्या हातून गेलं. तेच लिहीन."

बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही तिने तसेच सांगितले.

तो म्हणाला, "माझं रक्त घ्या की परत. हवं तेवढं घ्या."

"तुमचं आहे, बाबा. जुळवायला त्याचं काही उरलं नाही."

"मग राख पुन्हा चाळू. जन्मभर गिरणीत धान्यातले खडे वेचले मी. माझ्या नजरेतून काही सुटायचं नाही."

"ती जागा सपाट केली."

"माती कुठे टाकली?"

तिला ठाऊक नव्हते. तिने जागा साफ करणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "तीन ठिकाणी गेली, बाई. रस्त्याच्या भरावाला."

तिने ते जसेच्या तसे सांगितले. वाक्य पुरे होण्याआधीच म्हातारा उठून उभा राहिला होता.

"तिन्हींतलं जवळचं कुठलं?"