पहिलं बाळंतपण
ओल्या घोंगडीचा वास आला की मला वडूजकडच्या एका दवाखान्यातली ती दुपार आठवते. मी समुपदेशक बाईंच्या हाताखाली नुकतीच शिकायला लागले होते. समोर एक गरोदर मुलगी बसली होती आणि शेजारी खांद्यावर घोंगडी टाकलेला तिचा मेंढपाळ नवरा. तिला एचआयव्ही असल्याचं बाईंनी, तिला विचारूनच, त्याला नुकतंच सांगितलं होतं. आता हा आपल्याला माहेरी सोडेल आणि परत न्यायला येणार नाही, या भीतीनं ती त्याच्याकडे बघतही नव्हती. रोज गोळी घेतली तर बाळाला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो, असं बाई म्हणाल्या. तो बाही वर सारत म्हणाला, "माझंबी रगत तपासा." आणि तिच्याकडे वळून, "पयलं बाळंतपण म्हायेरी न्हाई करायचं. तितं तुझ्या गोळ्या कोन बघनार?" "आवं, पन आत्याबाई काय म्हनतील?" "आयची समजूत मी काढतो. तू मेंढरांची दवा तरी कवा येळेवर दिलीस?" ती हसली आणि मग तिला रडू आवरेना. आता बाईंच्या खुर्चीवर मी बसते. बहुतेक बायका एकट्याच येतात, तरी मी समोर दोन खुर्च्या मांडते.