जिजीला पटेना वेदूचं औषध

आमची जिजी, म्हणजे माझी सासू, कुणावर चटकन विश्वास ठेवणारी नव्हतीच. भेस्तानच्या आमच्या गल्लीत दूधवाला आला की ती आधी बोट बुडवून बघायची. शेजारणीनं वाटीभर ढोकळा पाठवला तर म्हणायची, "आजच बरी आठवण झाली हिला." मी तर सून, माझी काय कथा.

माझा मुलगा वेदू सहा वर्षांचा असताना त्याच्या लघवीच्या वाटेचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही दिवस तो रडायची वाट बघू नका, दुखण्याचं औषध वेळेवर द्या, पाणी भरपूर पाजा. जिजीनं बाटली उजेडात धरली, हुंगली, तोंड वाकडं केलं.

तिचंही खोटं नव्हतं. सासरे बमरोलीला लूमवर, कापडाच्या मागावर कामाला होते. पाळीभर उभं राहवत नसे म्हणून रोज पानाच्या गल्ल्यावरून, म्हणजे टपरीवरून, अंगदुखीची गोळी घ्यायचे. पुढे किडन्या गेल्या. "गोळीनंच खाल्लं त्यांना," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, वेदूसमोरसुद्धा.

सकाळचं औषध मी देऊन कामावर जायचे, दुपारचं जिजीकडे. "दिलं," ती म्हणायची. पण बाटली हवी तेवढी उतरेना. तिच्यासोबत राहून मलाही संशयाची लागण झालेली. विचारलं तर म्हणाली, "त्यालाच विचार, दुखतं का ते." वेदू म्हणाला, "नाही." मी चडफडले.

रविवारी वेदू आपला पाण्याचा पेला गुपचूप मोरीत ओतत होता. जिजीच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. तिनं त्याला जवळ ओढलं. "खरं सांग, दुखस ना?"

वेदूचा चेहरा रडवेला झाला. "शू करताना खूप जळतं, म्हणून पाणी नको. पण सारखं औषध घेतलं तर मी आजोबांसारखा मरेन ना?"

जिजीनं त्याला पोटाशी धरलं. मग मला डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्यांनी सांगितलं, हे औषध मुलाच्या वजनावर ठरवलंय, थोडेच दिवस द्यायचंय, किडनीला काही होणार नाही. तिनं ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं वेदूला औषध पाजलं. वर पेलाभर पाणी. "दुखलं तर मला फसवायचं नाही," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत राहिली.

गेल्या वर्षी जिजी गेली. शेवटच्या दिवसांत वेदू तिच्या उशाशी बसून विचारायचा, "जिजी, दुखतंय?" साऱ्या जगावर संशय घेणारी ती बाई त्याचा हात धरून म्हणायची, "हो रे बाळा, दुखतंय."