सिंहिणीच्या उजवीकडची जागा

भोकरदनच्या बसस्टँडजवळ भुजंगचा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षांत तालुक्यातली लग्नं, बारशी, निवडून आलेले सरपंच आणि निवृत्त होणारे मास्तर असे सगळे त्याच्या कॅमेऱ्यासमोरून गेले. त्याचा आवाज खणखणीत. "ओ लाल फेटा, मान वर! काकू, हसा जरा, पोरगी दुसऱ्याची चालली!" असं तो ओरडला की मांडवातले रुसलेलेसुद्धा सरळ उभे राहत. कामाला चोख, पण माणसांचे फोटो काढून काढून त्याला माणसांचाच वीट आला होता. एक तरी फोटो असा काढावा की ज्यात माणूस नाही आणि जो कुणी सांगितला म्हणून काढलेला नाही, एवढीच त्याची इच्छा होती. बायकोला, सुरेखाला, त्याने ती एकदा बोलूनही दाखवली. ती म्हणाली, "मंग काढा की आपल्या बैलाचा."

टेंभुर्णीच्या धर्मराजशेठचं बियाण्यांचं दुकान आहे. कंपनीने नेमून दिलेली विक्री पुरी केली की दुकानदारांना परदेशाची सहल मिळते. यंदा केनियाची निघाली, जोडप्याने जायची. शेठच्या बायकोने, नंदाबाईंनी, साफ सांगितलं की जनावरं पाहायला विमानात बसायला मी काही खुळी नाही. शेठ भुजंगकडे आले.

"चल माझ्यासंगं. खर्चा काहीच न्हाई तुला. पर समद्यांचे फोटो तू काढायचे. जनावरासंगं."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. भुजंगने पासपोर्ट काढला, मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला.

तिथे दोन गाड्या होत्या, वरून उघडणाऱ्या, आणि बारा जण. जनावर दिसलं की सगळे दुकानदार त्याच्याकडे पाठ करून उभे राहत, कारण तोंड भुजंगकडे करायचं असे. कुणाला हत्ती अख्खा हवा, कुणाला जिराफाची मान कापलेली चालत नसे. तिसऱ्या दिवशी सिंह दिसले. बाभळीसारख्या एका झाडाच्या सावलीत पाच जण झोपले होते, जेवणावळीनंतर वऱ्हाडी झोपतात तसे. दुकानदारांनी खिशातून कंगवे काढले. भुजंगने एकेकाला पुढे घेतलं, मान वर करायला लावली आणि कुणालाही न वगळता काम उरकलं. सिंहांचं तोंड त्याने स्वतः नीट पाहिलंही नाही.

धर्मराजशेठ मात्र त्या दिवशी हॉटेलच्या संडासात होते. परक्या मुलखातलं अन्न नको म्हणून त्यांनी घरून धपाट्यांची चळत आणली होती. तिला बुरा आला तरी त्यांनी ती सोडली नाही, मग तिनेही त्यांना सोडलं नाही.

शेवटच्या दिवशी पहाटेच्या फेरीला कुणी उठलंच नाही. एक गाडी रिकामी निघाली होती, तिच्यात भुजंग एकटा चढला. ड्रायव्हरची भाषा त्याला येत नव्हती. अर्ध्या तासाने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं. वारुळावर सिंहीण बसली होती. ऊन नुकतं वर आलेलं, तिच्या कानांच्या कडा उजळलेल्या. ती डावीकडे लांब कुठेतरी बघत होती. भुजंगने कॅमेरा उचलला. 'इकडे बघा' म्हणायची गरज नव्हती आणि तो म्हणालाही नाही. त्याने कोपर गाडीच्या पत्र्यावर टेकवलं आणि बटण दाबलं. सिंहीण उठून गवतात गेली. भुजंगला इतका आनंद झाला की त्याने ड्रायव्हरला मिठी मारली. तोही बिचारा हसला.

गावी आल्यावर त्याने संभाजीनगरहून मोठी प्रिंट करून आणली आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली. तिथली नवरी काढून आत ठेवली. येणारे-जाणारे थांबत.

"नेटवरून घेतला का?"

"मी काढलाय."

"मंग तू कुठंय याच्यात?"

भुजंग काच पुसायला घेई. फोटो आपला आहे हे आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे, असं त्याने ठरवलं होतं.

आठवड्याने धर्मराजशेठ आले. चेहरा उतरलेला. ग्रुपवर सगळ्यांचे सिंहासोबतचे फोटो फिरत होते, आणि यांनी टेंभुर्णीच्या अर्ध्या बाजाराला सिंह डोळ्यांनी पाहिल्याचं आधीच सांगून टाकलं होतं.

"भुजंगा, लोक फोटो मागून राह्यले. याच्यात मला बसव."

"शेठ, दुसऱ्या कशात बी बसवतो. हा राहू द्या."

"अरे, पर जागा तर सोडलीच हाये तू! हे बघ, इकडं उजवीकडं."

भुजंगने पाहिलं. सिंहीण चौकटीत डावीकडे होती. तिच्या पाठीमागे वारुळाचा सपाट भाग रिकामा होता, बरोबर एका माणसापुरता. लग्नाच्या स्टेजवर तो उजवीकडे नेहमी एवढी जागा सोडायचा. पायऱ्या तिकडे असतात, आणि ऐन वेळी कुणीतरी रुसलेली आत्या नाही तर उशिरा पोचलेला मामा धावत वर येतोच. त्याला सोडून फोटो काढला तर पुढे दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. हाताला ती सवय पडली होती. जंगलात, पहाटे, सिंहिणीसमोरसुद्धा हाताने आत्याची सोय करून ठेवली होती.

आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही. ज्यांच्या तिकिटावर गेलो, त्यांनाच कसं नाही म्हणणार? त्याने शेठना हिरव्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, दिवा डावीकडे घेतला, "मान वर" म्हणाला. पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरवर शेठ वारुळावर होते. पुढेमागे सरकवायची गरजही पडली नाही. शेठ खूश होऊन चहा सांगायला गेले.

एवढ्यात सुरेखा डबा घेऊन आली. तिने कॉम्प्युटरवरचा फोटो बघितला.

"आता बराबर दिसून राह्यला. त्या काचंतल्यात कायतरी राह्यल्यासारखं वाटायचं. म्हटलं न्हाई मी, तुम्हाला वाईट वाटंल."

ती डबा ठेवून गेली. भुजंगने शेठना काढून पाहिलं, परत बसवून पाहिलं, परत काढलं. फोटो उजवीकडून कापूनही पाहिला, तर वारूळ अर्धं तुटून सिंहीण अधांतरी लटकल्यासारखी दिसायला लागली. न कापलेल्या फोटोत नजर आधी त्या मोकळ्या जागेवर जात होती, सिंहीण मागाहून दिसत होती. एवढ्या लांब जाऊन एक फोटो स्वतःसाठी काढला, आणि तिथेही आपण कुणीतरी येईल म्हणून थांबलो होतो, हे त्याला कळलं. त्याला फार वाईट वाटलं.

शेठ चहावाल्याला घेऊन परत आले. म्हणाले, "दोन कॉप्या काढ. एक दुकानात लावतो."

भुजंगने शेठना परत वारुळावर बसवलं आणि दोन कॉप्या छापायला टाकल्या.