राजपूत या शब्दाचा वारस

बँकेच्या दाराशी दुनळी बंदूक घेऊन उभा राहणारा तो पहारेकरी घरी आला की बायको म्हणे, "राजे, राज्यकारभार आटोपला असेल तर गॅसची टाकी बदला." तो मिशीतल्या मिशीत हसे. राजपूत म्हणजे राजपुत्र, हे वडील त्याला शिकवून गेले होते. भाड्याच्या दोन खोल्या, मॅनेजरचे एकेरी बोलणे, सुजणारे पाय, या साऱ्यावर तो त्या एका शब्दाचे पांघरूण घालत आला होता.

मुलीला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाशी लग्न करायचे होते. तो राजपूत नव्हता. मुलगी इतिहास शिकलेली. रडून मागण्यापेक्षा पुरावा मांडणे तिला जवळचे वाटे. वडिलांना शब्द प्रिय आहे, तर त्या शब्दाचीच हकिगत त्यांना सांगावी, असे तिने ठरवले. तिथेच ती चुकली.

"बाबा, मूळ अर्थ राजाचा मुलगा हाच. पण पुढे घोडा-तलवार घेऊन चाकरी करणारे, थोडीफार जमीन मिळवलेले, कुठकुठले लोक स्वतःला राजपूत म्हणवू लागले. काही पिढ्यांनी ते मानलंही गेलं. जन्माची अट नंतर कडक झाली."

"म्हणजे आपलाही कोणी असाच आत शिरला असेल?"

"असू शकेल."

"गुरं राखणारा?"

"कदाचित."

"अगं बाई!" बायको ओट्याजवळून म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं मी फुकटच मुजरे केले!"

कोणी हसले नाही. तो पट्ट्याचे बक्कल अंगठ्याने चोळत राहिला. मुलीचे त्याला पटले होते, आणि तेच वाईट होते.

"तुझं खरं असेल, पोरी. पण आत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, म्हणून तर या नावाला किंमत आली. ते मी उघडलं तर माझ्याकडे उरतं काय?"

"मी उरते ना, बाबा."

"तो या घरात यायचा नाही," एवढेच तो म्हणाला.

लग्न नोंदणी कचेरीत झाले. आई लग्नाला गेली, तो कामावर गेला. पूर्वी त्या शब्दावर विश्वास होता म्हणून तो नकार देऊ शकत होता. आता विश्वास उडाला होता आणि नकार तेवढा मागे राहिला होता.

संध्याकाळी फोन वाजला. बायकोने उचलला, दोन शब्द बोलली आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या. तीच आहे."

त्याने नकारार्थी मान हलवली. बायको फोन तसाच धरून उभी राहिली, पलीकडून मुलगी "बाबा? बाबा?" म्हणत होती, आणि ते त्याला स्पष्ट ऐकू येत होते.