गाडीचं बोरन्हाण

कुवेतमध्ये झाड ओळखायचं असेल तर आधी ते धुवावं लागतं.

रिग्गईत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक झाड आहे. जुलैत मी त्याच्या सावलीतली जागा पटकावली. (कुवेतमध्ये काळी गाडी घेणारा माणूस सावलीसाठी काहीही करतो.) उतरताना काटा टोचला, म्हणून बाटलीतल्या पाण्याने एक पान धुऊन पाहिलं. तीन ठळक शिरा. बोरीचं झाड! मी मीना अब्दुल्ला या रिफायनरीच्या भागात एका कंपनीत पाइप तपासतो, त्यामुळे माझ्या मनात शंका आली नाही.

माझी बायको सुनेत्रा नर्स आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय ती कशालाच हो म्हणत नाही.

"बोरं लागू देत, मग मानते," ती म्हणाली.

ऑक्टोबरात हिरवट-पिवळी फुलं आली, त्यांच्यावर माशा आल्या. मी पुरावा म्हणून तिला माशाही दाखवल्या. ती गप्प बसली, आणि मी तो होकार समजलो. आमच्या ईराची पहिली संक्रांत जवळ आली होती. तिला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करायचं, सासूबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बघणार, असं ठरलं. माझा सहकारी पाटील सुट्टीवरून येताना बोरं आणतो म्हणाला. मी हसून सांगितलं, दारात झाड आहे, उलट तुलाच पिशवीभर देतो.

संक्रांतीला झाडावर बोरं होती. वाटाण्याएवढी, हिरवीगार. रथसप्तमीपर्यंत चालतं, असं मी जाहीर केलं आणि रोज ड्युटीवरून आल्यावर झाडाखाली मान वर करून उभा राहू लागलो. शेजारी विचारायचे, काही हरवलंय का? सुनेत्रा काहीच विचारत नव्हती. मला धास्ती त्याची होती.

रथसप्तमीला मी झाड गदागदा हलवलं. धूळ पडली. पुष्कळ पडली. तिच्यामागून एक बोर पडलं.

संध्याकाळी ईराच्या डोक्यावरून चुरमुरे, चॉकलेटं आणि ते एक बोर ओतलं. नेमकं तेच तिच्या कपाळावर बसलं आणि तिने भोकाड पसरलं.

"जावईबापू, बोरं कुठायत?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेत्राने फोन माझ्याकडे वळवला. नेटवर्क गेलंय असं वाटावं म्हणून मी तोंड उघडं ठेवून स्तब्ध बसलो. मागे ईरा व्यवस्थित रडत होती.

मार्चात एका सकाळी खाली आलो तर गाडीवर बोरांचा सडा. पिकलेली, फुटलेली, चिकट, थेट वायपरपर्यंत. मी धावत जाऊन सुनेत्राला बोलावून आणलं.

"बघ, बोरीचंच आहे की नाही?"

तिने गाडीभोवती शांतपणे एक फेरी मारली.

"बोरीचंच आहे," ती म्हणाली. "आणि गाडीही काळीच आहे. फक्त हलव्याचे दागिने राहिले."

तिने सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: छान झालं हो, आता दृष्ट काढा.

मी गाडी धुतली. आणि कोणी बघत नाही असं पाहून दृष्टही काढली.