नेल्वाबाईंची अंदाजाची चिठ्ठी

कोचाबाम्बा शहरात सालतेन्यांची, म्हणजे रस्सा भरलेल्या भाजक्या करंज्यांची, आठ दुकानं असलेल्या त्या कंपनीत आकडेवारीचा विभाग म्हणजे नेल्वाबाई, दोन कॉम्प्युटर आणि पिठाच्या गोदामाशेजारची एक खोली. नऊ वर्षं बाईंनी रंगीत तक्ते काढले. साहेबलोक माना डोलवायचे आणि शेवटी मनात आधीच ठरलेलं तेच करायचे. पालथ्या घड्यावर पाणी! बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग त्यांनी एक खोडसाळ नियम काढला. आकडा दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. सगळ्यात जास्त चुकेल त्याने बाई सांगतील ती शिक्षा भोगायची. पैजेला नाही म्हणेल तो कोचाबाम्बाचा कसला?

त्या सोमवारी मालक वॉल्तेर आर्नेस तावातावाने बैठकीत शिरले. "साकाबाचं दुकान बंद! विक्री सगळ्यात कमी."

त्या दुकानात सहा बायका कामाला होत्या, आणि विक्री कमी का, हे बाईंना ठाऊक होतं. पण सरळ सांगितलं तर साहेब ऐकणार थोडेच!

"करा की बंद," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त आधी लिहा, साकाबात दिवसाची शेवटची सालतेन्या किती वाजता विकली जाते?"

"हा काय प्रश्न झाला?"

"घाबरलात होय?"

साहेबांनी ठसक्यात लिहिलं, साडेबारा. बाईंनी बिलांच्या वेळांचा तक्ता उघडला. नऊ चाळीस.

"अहो, तुम्ही रोज पाठवता दीडशे. मग विकायला उरतंच काय? जे विकलं, ते मशीन मोजतं. हात हलवत परत गेलेलं गिऱ्हाईक कोण मोजणार?"

"असे कितीसे परत जात असतील?"

"ते मलाही माहीत नाही. तुम्हीच मोजून या. हीच शिक्षा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मालक साकाबाच्या काउंटरमागे ॲप्रन बांधून उभे होते. 'संपल्या' म्हणायचं आणि कागदावर रेघ ओढायची. अकरा वाजेपर्यंत त्र्याण्णव रेघा झाल्या. पुढची आजीबाई मात्र खवळलीच.

"रोजचंच झालंय मेलं! वर दुकानच बंद करणार म्हणे. कोण रे तो अक्कलशून्य?"

आत सहाही बायकांनी श्वास रोखला. मालकांचे कान लाल झाले.

"होता एक, आजी," ते म्हणाले. "आज सकाळपर्यंत."